दहा पावलांच्या आत

वसाहतीच्या देखभाल कार्यालयात तिला नावानं कुणीच हाक मारत नसे. तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागं ‘अँगलबाई’. पाठीमागचं नाव तिला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्या अख्ख्या कार्यालयात कामावरून नाव पडलेली ती एकटीच. बाकीच्यांना कामावरून नाव द्यायचं म्हटलं असतं तर आधी त्यांचं काम शोधत बसावं लागलं असतं.

तिचं काम फोटो काढायचं. वसाहतीत बावीस इमारती. कुठं नळ बदलला, कुठं गटाराचं झाकण बसवलं, की फाईलला दोन फोटो लागत. एकाच्या मागं पेन्सिलनं ‘आधी’ लिहायचं, दुसऱ्याच्या मागं ‘नंतर’. ‘आधी’ लागला की फाईल उघडायची, ‘नंतर’ लागला की बंद व्हायची. मधल्या काळात दुरुस्ती व्हावी असा नियम होता. पण नियमानं तिचा फोटो मागितला नव्हता.

म्हणून बाईंची गरज. भिंतीला तडा असेल तर त्या उजेड पाठीशी घेऊन समोर उभ्या राहायच्या; सावली मेली की तडाही मरायचा. फरशी फुटलेली असेल तर मुकादमाला म्हणायच्या, “दादा, जरा इथं उभे राहा.” मुकादमाचा बूट बरोब्बर त्या भोकावर. नळाला पाणी नसेल तर तोटीत पेलाभर पाणी ओतायचं आणि शेवटचा थेंब सुटायच्या आत बटण दाबायचं. लोकांना वाटायचं, ही बाई कॅमेरा चालवते. बाई चालवायची स्वतःचे पाय. एक पाऊल डावीकडं, अर्धं मागं, आणि पडकी इमारत उभी.

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. तरुणपणी एका स्टुडिओत ती ओळखपत्राचे फोटो काढायची. तिथं तिला कळलं की प्रत्येक तोंडाला एक बरी बाजू असते. पुढं तिनं तेच इमारतींना लावलं. कुणी टोकलंच तर ठसक्यात म्हणायची, “मी खोटं काढत नाही. कॅमेऱ्यापुढं जे असतं तेच येतं.” हे खरंच होतं. खोटं बोलायला माणसाला तोंड तरी उघडावं लागतं. हिला नुसतं सरकावं लागायचं.

सगळं सुरळीत होतं, पण सात नंबरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तिची थोरली बहीण राहायची.

त्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला कठडा गळून पडला होता आणि दोन पायऱ्या मोडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ठेकेदारानं तिथं काहीतरी थापलं आणि बाईंनी खालून वर, खिडकीचा उजेड धरून असा ‘नंतर’ काढला की जिना राजवाड्याचा वाटावा. फाईल बंद. आठच महिन्यांत त्याच जिन्यावर ताईचा पाय गेला, कठड्याचा आधार टिकला नाही आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ताई काठीवर चालायला लागली, पण घरात. जिना उतरायचं नाव काढेना. चौदा महिने झाले, तिनं खालचा रस्ता खिडकीतूनच पाहिला.

बाई दर आठवड्याला जायची. ताई दार उघडायची, चहा टाकायची, सगळं बोलायची. फक्त एकदाच म्हणाली होती, “धाकटे, तुझ्या फोटोतला जिना इथं आणून बसव. मी लगेच उतरते.”

त्यावर बाईंना अजून अँगल सापडला नव्हता.

अशात साहेब दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक टॅबलेट आणि एक शब्द घेऊन आले. शब्द होता ‘वायरलेस’. दिवसाला पन्नास वेळा. शिपायानं पाणी आणलं तरी साहेब पेल्याकडं अशा नजरेनं बघायचे, की हे अजून हातानंच आणावं लागतं का.

“बाई, आता कार्ड काढा, कारकुनाकडं द्या, त्यानं कॉम्प्युटरला लावा, हे सगळं बंद,” साहेब म्हणाले. “तुम्ही तिकडं बटण दाबायचं, फोटो इकडं माझ्या मांडीवर. मी तिथल्या तिथं अंगठा लावणार. मंजूर.”

“आणि तुम्ही कुठं असणार, साहेब?”

“गाडीत.”

यातच सगळं आलं. अकरा वर्षं साहेब या खुर्चीत होते आणि वसाहतीतल्या एकाही जिन्यावर त्यांचा बूट पडलेला नव्हता. आतापर्यंत तिथं जायला वेळ नव्हता. आता न जायला यंत्र मिळालं.

दोन्ही यंत्रांचं लग्न लावायला अख्खी सकाळ गेली. कार्यालयानं घेतलेला नवा कॅमेरा स्वतःचंच वायफाय सोडायचा. टॅबलेटनं ते पकडायचं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारे आठ आकडे घालायचे. साहेब आकडे घालायचे, टॅबलेट विचारायचा, ‘इथं इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का?’ आणि साहेब ठणकावून ‘नाही’ दाबायचे.

“इंटरनेट नसलेल्या ठिकाणी आपण का राहायचं?” चौथ्यांदा नाही दाबून साहेबांनी विचारलं.

“साहेब, कॅमेऱ्यात इंटरनेट कुठलं? ‘हो’ म्हणा की,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी ‘हो’ म्हटलं. बाईंनी बटण दाबलं. आणि टॅबलेटवर साहेबांचंच तोंड उमटलं, उघडं, आतल्या दोन चांदी भरलेल्या दाढांसकट.

“आलं! आलं!” साहेब खुर्चीतून उठले. मग त्यांनी तो फोटो नीट पाहिला, टॅबलेटवरचं कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं आणि समाधानानं म्हणाले, “गेला.”

बाईंनी कॅमेऱ्याचा पडदा पाहिला. दाढा तिथंच होत्या. टॅबलेटकडं गेली ती नक्कल, अस्सल कार्डावरच. पण साहेबांच्या डोक्यात पोस्टाचं टपाल होतं: एकदा पाठवलं की पाठवणाऱ्याकडं काही उरत नाही, आणि घेणाऱ्यानं फाडलं की जगातून संपलं. बाई त्यांना समजावणार होत्या. पण इतक्या वर्षांची सवय. त्या नुसत्या अर्धं पाऊल मागं सरकल्या.

घरी जाऊन त्यांनी कॅमेऱ्याची पुस्तिका काढली. अडलेले शब्द भाचीला फोन करकरून विचारले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, जी साहेबांनी प्रशिक्षणात नुसती बगलेत धरली होती. मग जावयाचा लॅपटॉप मागून आणला, त्यावर फोटो घेऊन पाहिले आणि कॅमेरा हातात धरून घरभर पावलं मोजत फिरल्या. मोकळ्या जागेत फोटो लांबवर जायचा. मधे एक भिंत आली की रखडायचा. दोन भिंती आल्या की पडद्यावरचं चाक नुसतं फिरत राहायचं. आणि जाड काँक्रीट असेल, तर दहा पावलं. दहाच्या पुढं काही नाही.

बाई दहाव्या पावलावर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तिथंच राहिल्या.

पुढच्या आठवड्याची यादी आली. वरून तिसरं काम: इमारत सात, जिना. त्याच जिन्याचं काम ठेकेदारानं दुसऱ्यांदा उरकलं होतं. यावेळी फाईल बंद झाली की ते काम ‘कायमस्वरूपी’ या रकान्यात जाणार होतं आणि त्या रकान्यातल्या कामाची तक्रार पाच वर्षं घेतच नाहीत. ताईचं वय एकाहत्तर. हिशोब करायला अंगठाही लागत नव्हता.

बाई आदल्या दिवशी जाऊन जिना पाहून आल्या. कठडा बसवलेला होता, चकचकीत. बोटानं टिचकी मारली तर प्लास्टिक वाजलं. पाण्याचा पाईप, वरून चंदेरी रंग, दोन्ही टोकांना तारेचा वेढा. मोडक्या पायऱ्यांवर पत्रा, त्यावर सिमेंटचा लेप. ठेकेदार मागंच उभा होता. त्याचं हसू असं, की दाराला लावलं तर कुलूप लागू नये.

“बाई, जरा खालून घ्या. मागच्यासारखा. आणि हात नका लावू, ओलं आहे.”

“रंग?”

“सगळंच.”

ठरल्या दिवशी साहेबांची गाडी सातच्या फाटकाशी लागली. काचा वर, आत गारवा, मांडीवर टॅबलेट, शेजारी ठेकेदार. बाई कॅमेरा गळ्यात घालून आत गेल्या. दारातून फोटो काढला. गाडीत टिंग वाजलं. पहिल्या मजल्यावरून काढला. जरा वेळानं टिंग. मग त्या दुसऱ्या मजल्याच्या वर गेल्या आणि फोन वाजला.

“बाई, चाक फिरतंय नुसतं.”

“साहेब, भिंत मधे येते. तुम्ही जरा जवळ या.”

“किती जवळ?”

“दारापर्यंत आलात तरी बघू.”

बघू म्हटलं की माणूस येतो. साहेब दारापर्यंत आले. टॅबलेट छातीशी धरून, पेटता दिवा न्यावा तसे. चाक फिरतच होतं.

“साहेब, कशाला त्रास? द्या मी घेऊन जातो वर,” ठेकेदार म्हणाला.

“अन् अंगठा कुणाचा लावणार? तुझा?” साहेब खेकसले. प्रत्येक ‘नंतर’च्या फोटोला साहेबांचाच अंगठा लागायचा. हा नियम त्यांनीच मोठ्या प्रेमानं करून घेतला होता, कारण अंगठा ही एकच गोष्ट ते रोज कार्यालयात न चुकता आणत.

“पहिल्या मजल्यावर या, साहेब,” वरून आवाज आला.

साहेब पहिल्या मजल्यावर आले. एका दारातून एक शेजारीण डोकावली, साहेबांना बघून आत गेली आणि नवऱ्याला घेऊन परत आली. अकरा वर्षांनी उगवलेला धूमकेतू, एकटीनं काय बघायचा?

“आलं का?”

“नाही. चाक.”

“अजून अर्धा जिना.”

इथं बाईंनी काही बिघडवलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. फोटो आधी कार्डावर काढून, खाली येऊन गाडीशेजारी उभं राहून सगळे एकदम पाठवता आले असते. पुस्तिकेत बत्तिसाव्या पानावर ते लिहिलेलं होतं. बाईंनी फक्त ते सांगितलं नाही. साहेबांच्या हाताखाली राहून इतकं तरी शिकणारच माणूस.

साहेब दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा घामानं त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. नजर पायरीवर नव्हतीच; टॅबलेटच्या कोपऱ्यातल्या त्या तीन वाकड्या रेघांवर होती. दोन रेघा पेटल्या. साहेबांना हुरूप आला.

“येतंय, येतंय!”

“अजून दोन पायऱ्या, साहेब.”

“साहेब, तिथं नको!” ठेकेदार खालून असा किंचाळला की सगळ्या मजल्यांची दारं उघडली. “पत्र्यावर नको! डावीकडून! पाईप धरू नका!”

स्वतःच्या कामाचं इतकं अचूक वर्णन त्यानं कोणत्याही बिलात केलं नव्हतं. पण साहेब आयुष्यात कधी दुसऱ्याचं ऐकून थांबलेले नव्हते. बूट पत्र्यावर पडला. पत्रा ‘टण्ण’ करून दबला. साहेबांचा तोल गेला, हात कठड्यावर गेला आणि कठडा सुखानं हातात आला. सहा फुटांचा चंदेरी पाईप, टोकाला तारेची शेपटी. साहेब पायरीवर बसले ते बसलेच. एका हातात पाईप, दुसऱ्या हातात टॅबलेट, चष्मा एका कानाला.

बाई वर, बरोबर समोर होत्या. सरकल्या नाहीत. बटण दाबलं.

आणि आता अंतर दहा पावलांच्या आत होतं, त्यामुळं साहेबांच्याच हातात टिंग वाजलं. वायरलेसनं आपलं काम चोख केलं.

साहेबांनी स्वतःला पाहिलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी फुसकन हसलं. साहेबांनी कचऱ्याचा डबा दाबला. “गेला! गेला की नाही?”

“टॅबलेटवर नाही आता, साहेब.”

“हं.” साहेब उठले, पाईप ठेकेदाराच्या छातीवर ढकलला. “चला, खाली चला. बाई, दोन वर्षांपूर्वी याच जिन्याचा तुम्ही एक झकास फोटो काढला होता ना? तोच छापा आणि लावा फाईलला ‘नंतर’ म्हणून. जिना काय बदलतोय होय? मी तिथंच अंगठा देतो.”

ते उतरले. उतरताना मात्र भिंतीला धरून उतरले.

बाई उरलेला दीड मजला चढून ताईच्या दारात गेल्या. ताई काठी टेकून उभीच होती.

“काय पडलं गं?”

“साहेब.”

ताईनं तिला आत घेतलं, खुर्चीत बसवलं. “लागलं?”

“नाही. तुझ्यासारखं नाही लागलं.”

मग बाईंनी सगळं सांगितलं, जुन्या फोटोपर्यंत. ताई ओट्याशी चहा गाळत होती. वळून न बघता म्हणाली, “मग लाव की. छान आला होता. मी पण पाहिला होता तो, कार्यालयाच्या फळ्यावर. पाहिला आणि वाटलं, धाकटीनं काढलाय म्हणजे झाला असणार जिना. म्हणून तर कठडा कधी हलवून बघितला नाही, नुसता हात टाकला.”

हे ताई आजवर बोलली नव्हती. बाईंनी कप घेतला, चहा प्यायला नाही, कप ठेवला आणि निघाल्या.

वायरलेस आलं तरी फाईल कागदाचीच होती. बाईंनी फोटो छापला, मागं पेन्सिलनं एक शब्द लिहिला आणि कारकुनापुढं ठेवला. कारकून फोटो बघत नसे. मागचा शब्द बघायचा आणि शिक्का मारायचा. नोकरी लागल्यापासून त्यानं फोटो उलटा करून पाहिला असेल तर तो स्वतःच्या लग्नाचा.

“सात नंबर, जिना, ‘आधी’,” त्यानं वाचलं आणि शिक्का मारला; ‘आधी’ला साहेबांचा अंगठा लागत नसे. मग हात थांबला. “यादीत ‘नंतर’ म्हटलंय. ‘नंतर’चा कुठाय?”

“झाला की काढीन.”

“काय झाला की?”

“जिना.”

कारकुनानं मान वर केली. बाईंचा चेहरा पाहिला. मग फोटो उलटा केला. साहेब, पाईप, एका कानाला चष्मा. त्याचे खांदे हलायला लागले. मग त्यानं फोटो फाईलला डकवला, वरून डिंकाचं एक जास्तीचं बोट फिरवलं, आणि फाईल मुख्य कार्यालयाच्या थैलीत स्वतःच्या हातानं टाकली.

चौथ्या दिवशी साहेबांच्या खोलीतून “बाईऽऽ!” अशी हाक आली की बाहेरच्या टाईपराइटरवरची धूळ उडाली. बाई आत गेल्या. साहेब लाल झाले होते, तोंड उघडलेलं, दाढा दिसत होत्या. इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. मुख्य कार्यालय.

“हो साहेब, मीच. तो फोटो म्हणजे... ऐका ना...” साहेब चाचरले. मग पलीकडचं ऐकता ऐकता हळूहळू खुर्चीत सरळ बसले. “हो हो. मी स्वतः. प्रत्यक्ष जाऊन. कठडा हातानं तपासला, उपटून निघाला. ... नाही हो, कसली जोखीम, कर्तव्य आहे. ... हो, फोटो मीच काढायला सांगितला. म्हटलं, पुरावा पाहिजे.”

फोन ठेवून साहेबांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी साहेबांकडं. एकमेकांचे अँगल ओळखणारी दोन माणसं अशी समोरासमोर आली की बोलण्यासारखं काही उरत नाही.

“जा,” साहेब म्हणाले.

पुढचं सगळं रीतीनं झालं. वार्षिक अहवालाच्या तिसऱ्या पानावर तो फोटो छापला, खाली ओळ: ‘दोष शोधून काढताना दक्ष अधिकारी.’ ठेकेदाराला कडक समज मिळाली आणि शेजारच्या वसाहतीचं काम मिळालं. साहेबांनी लगेच प्रस्ताव टाकला, की भिंतींतून पार जाणारं, लांब पल्ल्याचं वायरलेस यंत्र घ्यावं, म्हणजे पाहणीत खंड पडणार नाही. तांत्रिक मत बाईंचं मागवलं, कारण पुस्तिका वाचलेली त्या एकट्याच. बाईंनी एका ओळीत लिहिलं: ‘सध्याचा पल्ला योग्य आहे, वाढवू नये.’ आता बाकीच्या एकवीस इमारतींतले लोक त्यांना रस्त्यात अडवून हळूच विचारतात, “बाई, आमच्याकडं कधी आणताय त्यांना? पाचवा मजला आहे आमचा.”

पण जिना झाला. फाईल उघडी, अहवालात साहेबांचा फोटो आणि वरून दर पंधरवड्याला विचारणा, तेव्हा साहेब करतात काय? लोखंडी कठडा आला, पायऱ्या फोडून नव्यानं ओतल्या. पाणी मारायला तिसऱ्या मजल्यावरची माणसं स्वतः बादल्या घेऊन उभी राहिली. मुकादमावर सोडलं नाही.

‘नंतर’ काढायच्या दिवशी बाई म्हणाल्या, “साहेबांना खाली गाडीतच राहू द्या, आज घाई नाही.” त्या मधल्या वळणावर उभ्या राहिल्या. वरून काठीचा आवाज आला. ताई तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबली. बाईंचा पाय सवयीनं डावीकडं गेला. खिडकीचा उजेड तिकडून बरा पडत होता.

“कुठं सरकतेस?” ताई वरून कडाडली. “समोर उभी राहा.”

बाई समोर आल्या. कॅमेरा डोळ्याला लावला.

“थांब,” ताई म्हणाली. तिनं काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि गदागदा हलवला. एकदा. परत एकदा. खालच्या खिळ्यापर्यंत वाकून पाहिलं. मग पहिल्या पायरीवर पाय ठेवला, पूर्ण भार दिला, आणि म्हणाली,

“हं. आता काढ.”